कपबशी गुंडाप्पाचा वाजता खुबा

खडकवाडीत माणसाला दोन नावं असत. एक आईबापानं ठेवलेलं, ते रेशनकार्डावर. दुसरं गुंडाप्पानं ठेवलेलं, ते मसणात पोचेपर्यंत. दोन बायका पाठोपाठ मेल्या त्या माणसाला तो 'सरण' म्हणायचा. एक डोळा सारखा मिचकावणाऱ्या मास्तरांना 'इंडिकेटर'. पायानं अधू असलेल्या शिंप्याला 'दीडपाय'. आणि नाव असं चपखल बसायचं की पुढं भांडणात त्या माणसाची बायकोसुद्धा तेच काढायची.

हा गुंडाप्पा धनगर. नळदुर्गच्या अलीकडं, बोरी नदीच्या अंगाला त्याची वस्ती आणि वस्तीवर नव्वद मेंढरं. दोन एकर रानही होतं, पण त्यात तो कधी उतरला नाही. "माती माज्या मागं येत न्हाय," म्हणायचा, "मेंढरू येतंय." माणसाला सुख कशात वाटेल सांगता येत नाही. गुंडाप्पाला ते एवढ्यातच वाटायचं, की आपण पुढं चालावं, मागं वळूनही बघू नये, आणि नव्वद तोंडं आपल्या पाठीला लागून यावीत.

नावं ठेवण्यात त्यानं सोयराही सोडला नाही. बायको सिताबाई, तिचा धाकटा भाऊ कोंडीराम, वाडीतच राहणारा. स्वभावानं गरीब, मेहनती, लग्नाला वीस वर्षं झाली तरी पोरबाळ नाही. गुंडाप्पाच्या पोराच्या, शिवराजच्या लग्नात मामा म्हणून कोंडीराम नवरदेवाच्या मागं उभा राहिला, नवं धोतर, फेटा, हातात सुपारी. मंगलाष्टकं म्हणणाऱ्यानं जरा दम घेतला आणि तेवढ्या फटीत गुंडाप्पानं माइक ओढला.

"आरं शिवऱ्या, मामाच्या सावलीत हुबं ऱ्हाऊ नगंस. खच्ची मेंढा हाय त्यो!"

आठशे माणूस हसलं. अक्षता हातातनं सांडेपर्यंत हसलं. कोंडीरामही हसला, कारण दाजीचं बोलणं हसण्यावारी न्यायचं असतं, रीतच आहे. त्याची बायको मात्र जेवायला थांबली नाही. नळदुर्गपासनं माहेरच्या गावापर्यंत भर उन्हात चालत गेली आणि त्यानंतर कुठल्याच लग्नाला आली नाही. गावानं कोंडीरामला 'खच्ची' म्हणायला सुरुवात केली. पोरंसोरंही म्हणायची, "ओ खच्चीमामा."

आता गुंडाप्पाच्या खुब्याकडं येऊ.

त्या लग्नाच्या चार वर्षं आधीची गोष्ट. सोलापूर-हैदराबाद रस्ता ओलांडताना एका ट्रकनं गुंडाप्पाला उडवलं. मेंढरं वाचली, गुंडाप्पाच्या उजव्या खुब्याचा भुगा झाला. वय तेव्हा अठ्ठेचाळीस. सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरनं नवा खुबा बसवला. गोळाही पांढराशुभ्र आणि तो ज्यात फिरतो ती वाटीही पांढरीशुभ्र.

"सिरॅमिक आहे, बाबा," डॉक्टर म्हणाले.

"म्हंजी?"

"चिनी माती समजा. कपबशीची असते ना, तिची पक्की बहीण. वर्षाला केसाच्या शंभराव्या भागाएवढीही झिजत नाही. फक्त उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, आणि वर्षातनं एकदा फोटो काढायला यायचं. मग हा तुमच्यापेक्षा जास्त जगेल."

"माज्यापरीस जास्त जगणारं घरात एक हाय की," गुंडाप्पा सिताबाईकडं बोट करून म्हणाला. वॉर्ड हसला. गुंडाप्पा खूश.

पण धनगराला उकिडवं बसू नको म्हणणं म्हणजे कोंबडीला उकरू नको म्हणण्यासारखं. मेंढराची लोकर कातरायची तर त्याचे चारी पाय बांधून, आडवं पाडून, मानेवर गुडघा देऊन उकिडवंच बसावं लागतं. नव्वद मेंढरं, वर्षातनं दोनदा. कोकरू पाजायचं तर उकिडवं. चूल पेटवायची, भाकर खायची, झाड्याला बसायचं, सगळं उकिडवं. पहिले सहा महिने गुंडाप्पा खुर्ची घेऊन फिरला. निळी, प्लास्टिकची. मेंढरं पुढं आणि मालकाच्या डोक्यावर खुर्ची. एका मेंढ्यानं ती टक्कर देऊन फोडली, तेव्हा गुंडाप्पा म्हणाला, "बरं झालं," आणि उकिडवा बसला. दुखलं काहीच नाही. न दुखणाऱ्या गोष्टीचं भय माणसानं किती दिवस बाळगावं?

आठ वर्षं झाली. फोटो काढायला तो दोनदा गेला, मग गेला नाही.

आठव्या वर्षी बिरोबाच्या देवळात भाकणूक होती. पुजारी बिरदेव डोळे मिटून पुढच्या सालाचं सांगणार, सगळी माणसं श्वास धरून बसलेली. गुंडाप्पा पाय अवघडला म्हणून उठला आणि त्याच्या धोतरातनं आवाज आला, 'कुईऽऽक.'

बिरदेवनं डोळे मिटलेलेच ठेवून विचारलं, "कोण पादलं रं?"

गुंडाप्पा घाबरून खाली बसला. 'कुईऽऽक.' पुन्हा उठला. 'कुईऽऽक.' मग काय विचारता! देवाच्या दारात माणसं लोळली. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोंडीरामनं तोंड उघडलं.

"हसताय काय? दाजींच्या खुब्यात कपबशी हाय. डॉक्टरनंच सांगितलंया. च्या वता आता!"

झालं. साठ माणसांना नावं ठेवणारा गुंडाप्पा त्या संध्याकाळी 'कपबशी' झाला. 'सरण' चुलीपुढं बसून एकटाच हसत होता म्हणे. 'दीडपाय' शिंप्यानं दुकानाच्या दारावर कपबशी खडूनं काढली.

गुंडाप्पाला ते लागलं. दुखणं सोसलं असतं, हसणं सोसवेना. सिताबाईनं करडईचं तेल कोमट करून रोज खुब्याला चोळायला घेतलं. बैलगाडीचा आस कुरकुरला तर वंगण घालतात, तसंच हेही. महिनाभरात अडीच किलो तेल जिरलं, कातडी लोण्यासारखी झाली, आवाज तसाच. मग तो हायवेवरच्या गौरीशंकर मेस्त्रीकडं गेला. गौरीशंकर ट्रकची चाकं खोलणारा, गुंडाप्पानं त्याचंही नाव 'काळा साबण' ठेवलेलं. त्यानं जर्द्याच्या डबीत ग्रीस दिलं. पंधरा दिवस गुंडाप्पानं ते खुब्यावर थापलं. लिंबाएवढं गळू उठलं. तापानं फणफणत तो परत गेला तर गौरीशंकर म्हणतो, "आवं, आत जायाला निपल पायजे की. निपल कुठाय तुमच्या खुब्याला? बिगरनिपलाचं ग्रीस वरच ऱ्हातंय."

"मग आधी का बोलला न्हाईस?"

"तुमी इचारलंच कुठं? ग्रीस मागितलं, ग्रीस दिलं. काळा साबण काय, मागंल त्येला देतोय."

बाहेर टायर बदलायला थांबलेले चार ड्रायव्हर हसत होते. गुंडाप्पा गळू धरून वाजत वाजत घरी आला.

आणि मग पौषात ते धुकं पडलं. बोरीच्या पात्रात हात पुढं केला तर हात दिसेना. गुंडाप्पाचा घसा बसलेला, हाक निघेना. मेंढरं विखुरली, कुठं कोल्हं, कुठं कुत्री. गुंडाप्पा वेड्यासारखा इकडून तिकडं चालत राहिला, कुईक, कुईक. पाचेक मिनिटांनी त्याच्या मांडीला काहीतरी लोकरीचं घासलं. ती काशी, कळपाची म्होरकी. तिच्या मागं दुसरी, तिच्या मागं तिसरी. एकेक करून नव्वदच्या नव्वद धुक्यातनं बाहेर आली.

गुंडाप्पा तिथंच काठीवर वाकून रडला. मग डोळे पुसून त्यानं गावाला सांगितलं, "तुमची मेंढरं तोंडाला येत्यात. माजी हाडाला येत्यात."

त्या दिवसापासनं त्यानं मेंढरांना हाक मारणं सोडलं. जीभ लावायची ती फक्त शिव्यांना, कुत्र्यांना, उभ्या पिकात शिरणाऱ्या चुकार मेंढराला, आणि त्या शब्दाबरोबर दगड ठरलेला. जुनी मेंढरं खपली, नवी जन्मली. सहा-सात वर्षांत कळप सगळा पालटला. या नव्या पिढीला मालकाचं तोंड म्हणजे दगड आणि मालकाचा खुबा म्हणजे चारा, एवढंच ठाऊक.

दिवाळीच्या पाडव्याला धनगरवाड्यात लेंड्यांची रास पुजतात. तिच्यावर झेंडूची फुलं, कणसं, नव्या मडक्यातलं दूध उतू घालायचं. मेंढरांच्या पाठीवर गेरूचे पट्टे ओढायचे. मग वाघरीचं, म्हणजे जाळीच्या कुंपणाचं, तोंड उघडायचं आणि मालकानं पाठ फिरवून देवळाकडं चालू लागायचं. मेंढरं पाठोपाठ पळत आली की साल चांगलं. बाकीचे धनगर शिट्ट्या मारत, हाळ्या देत, पिशवीत मक्याचे दाणे खुळखुळवत. गुंडाप्पा मुका चालायचा. कुईक, कुईक. मागं नव्वद मेंढरांचा लोंढा. बघायला आसपासच्या वस्त्यांवरनं माणसं येऊ लागली. 'कपबशी' म्हणणारी तोंडं त्या एका दिवशी मिटायची.

सिताबाई म्हणायची, "अवो, त्यो आवाज बरा न्हाय. एकदा दाखवून तरी या."

"दाखवलं आन् त्यानं आवाज बंद केला तर?"

"बंद व्हावा म्हणून तर त्याल चोळत हुते की म्या!"

"तवाची गोष्ट येगळी."

तर असं. दुखणं दाखवायला लाजणारी माणसं पुष्कळ असतात. हा दुखणं बरं होईल म्हणून भ्यायचा.

एका गणपतीत मंडळाच्या मांडवात नवा टीव्ही आला. खोक्यातला थर्माकोल उकलताना कोंडीरामच्या हाती एक तुकडा लागला. त्यानं तो सरबताच्या काचेच्या बाटलीवर घासला. 'कुईऽऽक.' हुबेहूब. लंगडत दोन पावलं चालून त्यानं पुन्हा घासला, "कोण मी? कपबशी!" मांडव हसून कोसळायचा राहिला. गुंडाप्पानं काठी उगारली आणि मेव्हण्याच्या पाठीत दोन घातल्या, तिसरी डोक्यात. रक्त आलं. सिताबाई मधे पडली. ह्या गोंधळात रस्त्यापलीकडं बसलेल्या मेंढरांनी माना वर केल्या होत्या आणि दहा-बारा तर उठून मांडवाकडं निघालीसुद्धा होती, ते कुणी बघितलं नाही. कोंडीरामनं बघितलं. डोकं दाबून धरत त्यानं तो थर्माकोलचा तुकडा सदऱ्यात घातला.

गेल्या आषाढात गुंडाप्पा ओढा उतरत होता. पाय दगडावरनं दगडावर टाकला आणि आत 'कट्' झालं, दातात खडा फुटावा तसं. पुढचं पाऊल टाकलं तर कुईक नाही, 'चर्र.' बांगड्यांची फूट पोत्यात भरून हलवावी तसा आवाज. तो ओढ्यातच बसला. मेंढरं त्याच्याभोवती उभी राहिली, हललीच नाहीत. संध्याकाळी कोंडीरामनंच त्याला पाठुंगळी मारून घरी आणला.

"दाजी, लई जड झालाव," वाटेत तो म्हणाला.

"तुला वजन उचलायची सवय कुठाय," गुंडाप्पा विव्हळत म्हणाला. "पोर कडंवर घेतलेलं न्हाय कधी."

कोंडीराम तसाच चालत राहिला.

सोलापूरला नवे तरुण डॉक्टर होते. त्यांनी फोटो उजेडाला धरला. गोळ्याचे चार तुकडे. "बाबा, पंधरा वर्षं झाली. झीज म्हणाल तर नखाएवढीही नाही. पण तुम्ही उकिडवे बसत होता ना? दर वेळी गोळा वाटीच्या काठावर टेकत होता. काठानं गोळ्यावर रेघ मारली. ती रेघ घासली की वाजायची. आवाज आला तेव्हाच यायचं होतं. तो आवाज म्हणजे सूचना होती."

गुंडाप्पानं शिवराजकडं बघितलं. शिवराज धाराशिवला नोकरीला, इस्त्रीचा शर्ट, तोंडात शब्द मोजके. तो म्हणाला, "मला कुणी सांगितलंच नाही."

"आता सगळे कण धुऊन काढून नवा बसवू," डॉक्टर म्हणाले. "गोळा सिरॅमिकचा, वाटी या वेळी प्लास्टिकची. अजिबात आवाज करणार नाही."

गुंडाप्पा खाटेवर कोपरावर उठला. "साहेब, त्येवढं नगं. आवाज करणारा बसवा."

"काय?"

"पहिल्यावानी. न्हायतर असं करा, हाच बसवा पर जरा सैल बसवा."

डॉक्टर हसले, सिस्टर हसली, शेजारच्या खाटेवरचा पाय टांगलेला म्हातारा तर दोरी हलवत हसला. शिवराजनं मान खाली घातली. गुंडाप्पा हसवायला बोलला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा तो मनापासनं विनवत होता आणि माणसं पोट धरून हसत होती.

ऑपरेशन झालं. त्यानं हट्टानं फुटके तुकडे मागून घेतले. धुऊन, झाकणाच्या डबीत. मोठ्या तुकड्यावर चकाकीच्या मधोमध एक मळकट पट्टा होता, दावं घासून शिंगावर पडतो तसा.

दवाखान्यातच शिवराजनं विषय काढला. "आप्पा, आता धाराशिवला चला. मेंढरं मामा बघतोयच. त्याला देऊन टाकू."

"माजी मेंढरं माज्या मागं चालत्यात."

"तुम्हीच नीट चालत नाही, आप्पा."

"लाव फोन तुज्या मामाला. लाव!" फोन लागला. शिवराजनं तो मोठ्यानं ऐकू येईल असा धरला. "कोंड्या, ऐक. पाडव्याला वाघर उघडायची. तू बी हुबा ऱ्हा, म्या बी हुबा ऱ्हातो. ज्येच्या मागं मेंढरं जातील त्येची. म्या हारलो तर धाराशिवला माडीवर जाऊन बसतो, पुन्हा वाडीला पाय लावणार न्हाय."

पलीकडं वारा ऐकू येत होता. "बरं दाजी," कोंडीराम म्हणाला. "तुमचाच सबुद बरं का."

ती पैज दुसऱ्या कुणी घातली नाही. गुंडाप्पानंच घातली, फोन हातात धरून, ऐटीत.

तीन महिने त्यानं शिवराजच्या घरी काढले. दुसरा मजला, बसायला उंच खुर्ची, झाड्यालाही खुर्चीच. रोज खोलीत शंभर फेऱ्या. चालताना कान खुब्याकडं. काही नाही. रबर लावलेल्या काठीचाही आवाज नाही. मग त्यानं डबीतले दोन तुकडे काढून एकमेकांवर घासून बघितले. खर्र. पाण्यात बुडवून घासले. खर्र. करडईचं तेल लावून घासले, तर एकदा, फक्त एकदा, बारीक कुईक आलं. तो दचकला. हसला. त्या एका कुईकच्या भरवशावर त्यानं पाडव्याची वाट बघितली.

पाडवा उजाडला. लेंड्यांच्या राशीवर फुलं, दूध उतू गेलेलं, ढोल. 'सरण', 'दीडपाय', 'इंडिकेटर' सगळे हजर, गौरीशंकर तर दुकान बंद करून आलेला. सिताबाई राशीपाशी बसून होती, एका बाजूला नवरा, एका बाजूला भाऊ. बिरदेवनं दोघांना वीस-वीस पावलांवर उभं केलं.

"ज्येच्या मागं मेंढरं, त्येचा वाडा," बिरदेव म्हणाला. "ढोल बंद."

जाळी उघडली. गुंडाप्पानं पाठ फिरवली आणि चालू लागला. दहा पावलं. बारा. मागं खुरांचा आवाज नाही. त्यानं वळून बघितलं, तर काशीची लेक, आताची म्होरकी, जाळीच्या तोंडाशी रवंथ करत उभी. तिनं त्याच्याकडं बघितलं, जसं रस्त्यानं जाणाऱ्या कुणाही माणसाकडं बघावं तसं, आणि तोंड फिरवलं.

त्यानं खिशातनं तुकडे काढले. तेल लावलेलेच होते. घासले. खर्र. जोरानं घासले. खर्र, खर्र. तुकड्याची धार तळहातात शिरली, तेल आणि रक्त एक झालं, तुकडे निसटू लागले. सात वर्षं त्याच्या अंगात वाजलेली ती चिनी माती त्याच्या हातात वाजेना.

"दाजी काय करत्यात?" कुणीतरी विचारलं.

"कपबशी विसळत्यात," 'दीडपाय' म्हणाला.

हसणं ऐकलं आणि गुंडाप्पाचा तोल गेला. सात वर्षांनी त्यानं मेंढरांना हाक मारली. सगळा जीव गोळा करून, कळवळून मारली. "याऽऽ! याऽ गं माजे बायांनोऽऽ!"

मेंढरांनी तो आवाज ओळखला. ओळखला म्हणूनच ती एकदम बिचकली. ह्या आवाजाबरोबर दगड येतो. नव्वदच्या नव्वद मागं सरकली, एकमेकींच्या पोटाखाली तोंडं खुपसून उभी राहिली. कोकरं ओरडायला लागली.

कोंडीराम तोवर हललाही नव्हता. आता त्यानं सदऱ्यातनं बाटली काढली, पिवळा पडलेला थर्माकोलचा तुकडा काढला, पाठ फिरवली आणि निवांत चालू लागला. कुईऽक. कुईऽक. लंगडण्याची नक्कलसुद्धा केली नाही. गरजच नव्हती.

मेंढरं सुटली. गेरूचे पट्टे, शिंगांची फुलं, धूळ. गुंडाप्पा वाटेतच उभा होता. कळप त्याच्यापाशी दुभंगला, दोन्ही अंगांनी घासून गेला आणि पुढं पुन्हा एक झाला, वाटेतला धोंडा चुकवावा तसा. एकाही मेंढरानं त्याला हुंगलं नाही. सिताबाई उठली. लोकांना वाटलं नवऱ्याकडं जाईल. ती भावाच्या वाटेकडं बघत राहिली आणि मग तिनं राशीवरचं कलंडलेलं मडकं तेवढं सरळ केलं.

देवळाला वळसा घालून कोंडीराम परत आला तेव्हा गुंडाप्पा तिथंच होता, मूठ मिटून, मुठीतनं थेंब गळत. सगळ्यांना वाटलं, आता कोंडीराम त्या लग्नातलं सगळं बाहेर काढणार. तो थांबला. मेंढरंही थांबली.

"दाजी, बाजूला व्हा," तो अगदी हळू म्हणाला. "पाय नवा हाय. धक्का लागंल."

मागनं 'इंडिकेटर' मास्तरांनी बिरदेवला विचारलं, "आता ह्यांना काय म्हणायचं? कपबशी तर फुटली."

बिरदेवनं जरा विचार केला. "कशाला काय म्हणायचं? आता कुठं हिथं ऱ्हायचेत ते."

आणि खरंच कुणी नवं नाव ठेवलं नाही. तेवढीही तसदी घेतली नाही.

धाराशिवला येऊन गुंडाप्पाला आता बरेच महिने झाले. मधे फोटो काढून झाला. डॉक्टर फोटो बघून हरखले. "वा बाबा! जराही झीज नाही!"

"चालतोय कुठं म्या," गुंडाप्पा म्हणाला, "झिजायला."

डॉक्टरांना तो विनोद वाटला. ते हसले.

परवा दुपारी तो खिडकीपाशी उंच खुर्चीवर बसला होता. सिताबाई गहू निवडत होती. नात अक्षदा अभ्यास करत होती. आणि बाहेर जिन्यात आवाज झाला, कुईऽक. मग पुन्हा, कुईऽक.

गुंडाप्पा उठला. काठी घ्यायचंही भान नव्हतं. दार उघडलं, एक पायरी, दुसरी पायरी, कठडा धरून तो खाली निघाला, मान पुढं काढून, तोंड जरा उघडं. अक्षदा मागनं ओरडली, "आजोबा, कुठं निघालात?" त्याला ऐकू आलं नाही.

खालच्या मजल्यावर कुणाचा तरी फ्रिज आला होता. दोन हमाल खोकं फाडून थर्माकोलचे पांढरे ठोकळे ओढून काढत होते. शेवटचा ठोकळा फ्रिजच्या अंगाला घासत निघाला, कुईऽऽक, आणि गुंडाप्पा त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला.

हमालानं वर बघितलं. कुणीतरी म्हातारा, अनवाणी, ठोकळ्याकडं बघत उभा.

"बाजूला व्हा, आजोबा," तो म्हणाला.